रमीच्या ॲपवर हूल देता येते का? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रात्रीची जेवणं उरकली की आम्ही घरातली सहा जणं एका मोफत रमी ॲपवर जमतो. आत्या नाशिकहून, काका-काकू कोल्हापूरहून, दादा आणि वहिनी बंगळुरूहून, मी पुण्यातून. ॲपचं नाव देत नाही, कारण फुकट चिप्सवाल्या सगळ्याच रमी ॲप्सची ठेवण थोड्याफार फरकाने सारखी असते. पैसे लावून खेळायचे डाव ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानंतर बंद झाले, त्यामुळे इथे जे लिहितो आहे ते निव्वळ खेळाबद्दल.

मला एकच गोष्ट तपासायची होती. समोरच्याचा चेहरा दिसत नसताना त्याच्या हातात काय आहे हे ओळखता येतं का, आणि त्याला हूल देता येते का? दोन्ही येतं. मात्र अनोळखी लोकांच्या टेबलावर नाही.

सुरुवातीला मी अनोळखी टेबलांवर बरेच डाव खेळलो. तिथे चिप्स संपल्या की जाहिरात बघून पुन्हा मिळतात, म्हणून कुणी ड्रॉपच घेत नाही, म्हणजे हात वाईट असला तरी ठरावीक गुण पत्करून डाव सोडत नाही. हातात एकही जोकर (कुठल्याही पानाच्या जागी चालणारं पान) नसताना, प्युअर सिक्वेन्सचा (जोकरशिवाय लागलेल्या एकाच रंगाच्या ओळीचा) पत्ता नसताना माणूस शेवटपर्यंत बसून राहतो. तो मुळात तुमच्या चालीकडे बघतच नसतो, मग हूल द्यायची कुणाला? निव्वळ पानं लावायचा सराव हवा असेल तर ही टेबलं ठीक आहेत. त्यापलीकडे त्यांच्यावर वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खाजगी टेबल करून १०१ चा पूल मांडला आणि चित्र पालटलं. यात हरणाऱ्याच्या नावावर डावागणिक गुण चढत जातात. पहिला ड्रॉप (एकही पान उचलण्याआधी) २०, मधला ४०, पूर्ण हात बसला तर ८०, आणि १०१ झाले की माणूस बाहेर. पैसा नसला तरी बाहेर पडायचं कुणालाच नको असतं, म्हणून जो तो विचार करून खेळतो. आणि गुणांचा तक्ता वाचायची सवय लागते. काकांचे ३० झालेत आणि तरी त्यांनी पहिला ड्रॉप घेतला नाही, म्हणजे त्यांच्याकडे काहीतरी जमलेलं आहे. दादा ८२ वर आहे आणि खेळतोय, तर त्यावरून काहीच कळत नाही. ड्रॉप घेतला तरी तो १०२ वर जाऊन बाहेरच, त्याला खेळण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून ८० किंवा त्याखाली असलेल्याने न घेतलेला ड्रॉप मी बातमी समजतो.

यापुढचं वाचन टाकलेल्या पानांचं. कुणी उघड्या गड्डीवरून (टाकलेल्या पानांतून) इस्पिक सत्ती उचलली, तर इस्पिकची पंजी, छक्की, अठ्ठी, नव्वी आणि बाकीच्या रंगांच्या सत्त्या, ही सगळी पानं त्याच्या आधी ज्याची पाळी आहे त्याने जपून ठेवायची. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. जोकरच्या शेजारच्या पानांकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. छक्की जोकर निघाली की लोक छक्क्या जोकर म्हणून दुसरीकडे लावतात, त्यामुळे पंजी आणि सत्ती यांचे सिक्वेन्स कमी जुळतात. ती पानं टाकायला त्यातल्या त्यात कमी धोक्याची. आणि पानं दोन कॅटची आहेत हे विसरायचं नाही, एक चौकट राणी गेली तरी तिची जुळी कुठेतरी आहेच.

आता हुलीबद्दल. माझ्या हातात चौकट अठ्ठी आणि किलवर अठ्ठी होती, तिसऱ्या अठ्ठीची वाट बघत होतो. बदाम नव्वी सुटी होती. दुसऱ्या फेरीत मी ती नव्वी टाकली. माझ्याआधी पाळी आत्याची. बदामाच्या त्या बाजूला मला काही नको, असा तिचा समज झाला आणि पुढच्या पाळीला तिने बदाम अठ्ठी सोडली. मी उचलली, वेगवेगळ्या रंगांच्या तीन अठ्ठ्यांचा सेट लागला. आत्या लगेच फोनवर म्हणाली, “अरे, नव्वी एवढ्या लवकर कशी टाकलीस तेव्हाच मला कळायला हवं होतं!”

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. सुरुवातीला सगळे राजा, राणी, गुलाम असली दहा-दहा गुणांची सुटी पानं टाकतात. अशा वेळी कुणी मधलं पान सोडलं तर थांबून विचार करावा. एक तर त्याचा हात फार चांगला आहे, नाहीतर तो गळ टाकतोय. तेव्हापासून आत्या मी टाकलेल्या पानाच्या शेजारचं पान चटकन सोडत नाही, आणि मग मलाही खरीच नको असलेली नव्वी टाकून तिला अडवून धरता येतं. एकमेकांची खेळायची तऱ्हा ठाऊक असलेल्या माणसांत हूल अशी दोन्हीकडून चालते, आणि या ॲपचा खरा आनंद मला इथे मिळाला.

वेळ लावण्यावरून अंदाज बांधणारे बरेच असतात. माझा त्यावर विश्वास उरलेला नाही. वहिनी थांबल्या म्हणजे त्या दोन पानांत अडकल्या असं नाही, गॅसवर दूध असतं. घरी चटईवर बसून खेळताना माणूस पान हाताच्या कुठल्या टोकातून काढतो ते दिसायचं, इथे ते गेलं. त्याची भरपाई घड्याळाच्या काट्याने होत नाही.

सगळ्यात मोठी तक्रार नेट गेल्यावरची. कनेक्शन तुटलं की ॲप आपल्या जागी पान ओढतं आणि तेच टाकत राहतं. समोरच्यांना वाटतं की या माणसाला हे पान नको आहे, आणि त्यावर ते आपला हात बेततात. सगळं वाचनच बिघडतं. अशा वेळी पान कोण टाकतंय ते ठळक दाखवायला हवं. दोन डावांच्या मधल्या जाहिरातीही लांब आहेत, पण त्या सोसता येतात.

टाकलेल्या पानांची यादी दाखवणारं बटण यात आहे. आम्ही ते उघडायचं नाही असं ठरवलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आंध्र प्रदेशातल्या खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं आणि तीन पत्तीहून वेगळं काढलं. त्याचं कारणच असं दिलं होतं की पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, आणि कुठलं धरायचं, कुठलं सोडायचं याला कसब लागतं. बटण दाबून ती यादी मिळाली तर त्यातलं अर्धं काम ॲपच करतं. नवशिक्याने पहिले काही डाव ती उघडून खेळायला हरकत नाही, काकूंनीही तसंच केलं. आता त्यांनी यादी बंद ठेवली आहे, आणि कुठल्या रंगाची राणी किती वेळा गेली हे त्या आम्हा सगळ्यांच्या आधी सांगतात.