टायरामीनचं पथ्य आणि दंडाचं बीपी मशीन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ट्रॅनिलसायप्रोमिन किंवा फेनेल्झिन (नैराश्यावरची, एमएओआय गटातली औषधं) सुरू झालं की हातात पथ्याचा कागद पडतो, आणि तो वाचून घरातलं निम्मं फडताळ रिकामं करावंसं वाटतं. आठ महिन्यांनंतरचं मत वेगळं आहे: पुण्यातल्या घरचा स्वयंपाक जवळपास जसाच्या तसा चालतो. घात होतो तो चायनीजच्या गाडीवर आणि औषधाच्या दुकानात.

कारण समजलं की यादी पाठ करावी लागत नाही. शिळ्या, मुरवलेल्या प्रथिनयुक्त पदार्थांत जिवाणू टायरामीन तयार करतात. एरवी आतडं आणि यकृतातलं एमएओ-ए हे एन्झाइम त्याचा निकाल लावतं. ही औषधं नेमकं तेच बंद पाडतात. मग टायरामीन रक्तात पोचतं, मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रेनालिन बाहेर पडतं आणि रक्तदाब एकदम चढतो. साधारण ६ मिलिग्रॅमला सौम्य परिणाम दिसू शकतो, १० ला बऱ्यापैकी आणि २५ ला गंभीर. शिजवल्याने टायरामीन नष्ट होत नाही, त्यामुळे 'उकळून घेतलंय, खा' याला अर्थ नाही.

वरण-भात, पोळी-भाजी, थालीपीठ, ताजं ताक, घरचं पनीर, मस्तानी यांना काहीच अडचण नाही. साध्या चीज स्लाइसमध्ये टायरामीन सहसा कमी असतं. पिझ्झावरचं ताजं मोझरेलाही चालतं, पण वर भुरभुरलेलं पार्मेसान नको. कोरेगाव पार्क-कॅम्पकडे मिळणारं महिनोन्महिने मुरवलेलं चेडर, निळं चीज आणि सलामी पूर्ण बंद. सुकट, सोडे, सुका बोंबीलही बंद, कोकणातल्या माणसाला हे सगळ्यात जड जातं. मायक्रोब्रुअरीतली नळाची बिअर नको.

सोया सॉसला लोक हलक्यात घेतात. काही नमुन्यांत एका मिलिलिटरला जवळपास १ मिलिग्रॅम टायरामीन सापडलं आहे, म्हणजे एका मोठ्या चमच्यात (१५ मिलि) १० मिलिग्रॅमच्या पुढे. मंच्युरियन, हक्का नूडल्स यांत सॉस किती पडतो ते गाडीवाल्यालाही सांगता येणार नाही. घरी चिंच, मीठ आणि थोडा गूळ घालून काम भागतं. चव तीच नसते, हे कबूल.

मांस-मासे त्या दिवशी आणून त्याच दिवशी खावेत. फ्रीज टायरामीन बनणं मंदावतो, थांबवत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज चार-पाच तास गेली तर आदल्या दिवशीचा चिकनचा रस्सा टाकून द्यावा, जीव हळहळला तरी.

यादीत दोन खाचखळगे आहेत. 'ब्रॉड बीन्स' म्हणजे बाकला, मंडईतली वालपापडी नव्हे. बाकल्याच्या शेंगांत एल-डोपा असतं, म्हणजे या औषधांसोबत बीपी चढवू शकणारं रसायन. आणि कौंच बीजाच्या, म्हणजे खाजकुहिलीच्या, चूर्णातही एल-डोपा असतं. 'आयुर्वेदिक आहे, काय होतंय' म्हणून ते घेऊ नये.

आता खरा धोका: सर्दीची गोळी. काउंटरवर सहज मिळणाऱ्या बहुतेक गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असतं, खोकल्याच्या बऱ्याच औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन. पहिलं बीपी चढवतं, दुसऱ्याने सेरोटोनिन वाढून जिवावर बेतू शकतं. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल आणि लिनेझोलिड हे अँटिबायोटिकही याच रांगेत. 'एमएओआय चालू आहे' असा कागद पाकिटात ठेवा आणि दुकानदाराला, दंतवैद्यालाही दाखवा. एस्सिटालोप्रॅम किंवा सर्ट्रालिन या दुसऱ्या गटातल्या अँटिडिप्रेसंटवाल्यांना चीजचं पथ्य नाही. व्हेनलाफॅक्सिनने मात्र डोस वाढेल तसं बीपी स्वतःच वाढू शकतं, तिथे मशीन कामी येतं.

मशीन दंडाचंच घ्या, मनगटाचं नको. दंडाचा घेर मोजून पट्टा निवडा. घट्ट, छोट्या पट्ट्याने आकडा फुगतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा-सिगारेट नाही, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसायचं. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. हे उभं राहून मोजणं बहुतेक जण टाळतात, आणि तिथेच चूक होते: रोजच्या वापरात एमएओआय औषधांचा त्रास बीपी चढण्याचा नसून उतरण्याचा असतो. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर डॉक्टरांना कळवा. सकाळी अंथरुणातून ताडकन उठू नये.

चढल्याची खूण वेगळी. खाल्ल्यावर अर्ध्या ते दोन तासांत मानेच्या वर, डोक्याच्या मागे ठोके पडल्यासारखं दुखणं, घाम, धडधड, मळमळ. आकडा १८० बाय १२० च्या वर आणि सोबत ही लक्षणं असतील तर १०८ ला फोन करायचा. नुसती चिंता वाटते म्हणून दर दहा मिनिटांनी मोजत बसलात तर चिंतेनेच आकडा वाढतो. घरात पडलेली बीपीची गोळी जिभेखाली ठेवायची नाही, दाब झपकन खाली कोसळू शकतो.

मशीनला पाचपैकी चार तारे, छापील यादीला दोन. औषध बंद केल्यावरही पथ्य दोन आठवडे सुरू ठेवा, कारण एन्झाइम नव्याने बनायला तेवढा वेळ लागतो. दुसऱ्या अँटिडिप्रेसंटवर जातानाही साधारण तेवढीच थांब लागते. उलट, फ्लुऑक्सेटिनवरून या औषधावर येताना मध्ये पाच आठवडे.