लाईट फुकट असताना सौर पंप का घेतला? ५ एचपीचा वापरानंतरचा अनुभव

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून बसवलेल्या ५ एचपीच्या पंपावर पावसाळा, हिवाळा, उन्हाळा तिन्ही निघाले, म्हणून लिहितोय. बसवल्यावर आठ दिवसांत व्हिडिओ टाकणारे भरपूर आहेत. पहिल्या आठ दिवसांत सगळेच पंप चांगले चालतात.

जमीन जालना जिल्ह्यात, साडेचार एकर. मोसंबी ठिबकवर, बाकी कपाशी आणि रब्बीला थोडा गहू. पाणी विहिरीचं. योजनेत अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात एचपी मिळतो. खुल्या प्रवर्गाला पंपाच्या किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींना ५. माझे बत्तीस हजारांच्या आसपास गेले.

पारावर हमखास विचारतात, "साडेसात एचपीपर्यंत लाईट फुकट, मग हे बत्तीस हजार कशाला घातले?" प्रश्न रास्त आहे. बळीराजा मोफत वीज योजना एप्रिल २०२४ पासून लागू आहे, मुदत मार्च २०२९ पर्यंत. पण माझ्याकडे कनेक्शनच नव्हतं. कोटेशन भरून पोलची वाट बघणाऱ्यांतला मी. शिवाय ज्याच्याकडे शेतात लाईटचं कनेक्शन आहे त्याला सौर पंपाची योजना नाहीच.

आणि शून्य बिल म्हणजे शून्य खर्च नव्हे, हे बांधाला बांध असलेल्या चुलत भावाकडे बघून कळतं. त्याचं बिल सरकार भरतं. पण तीनपैकी एक फेज कमी आली की मोटर बसते. उपसा, वाइंडिंग, बेअरिंग, परत सोडणं. एका वेळचे पाच-सहा हजार कुठं गेले नाहीत. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाला तर गावात वर्गणी. लाईटची पाळी रात्रीची असली की दोन वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. रात्रीच्या पाण्याला गडी मिळत नाही आणि मिळाला तर दिवसाच्या रोजावर येत नाही. यातला एक रुपयाही बिलावर छापून येत नाही.

माझी खरी बचत तिथं झाली. एका हंगामात एकदाही रात्री रानात गेलो नाही. घरातल्या बायका पाणी देऊ शकतात, कारण स्टार्टरशी झोंबायचं नाही, बटण दाबलं की झालं.

आता पाण्याचं. सकाळी आठला पाइपातून करंगळीएवढी धार येते. कंट्रोलरवरचा (पॅनेलच्या विजेवर मोटर चालवणारी पेटी) हर्ट्झचा, म्हणजे मोटरच्या वेगाचा, आकडा हळूहळू चढतो आणि साडेदहाच्या पुढं पाइप तोंडभरून वाहतो. तीननंतर परत उतार. मधे एखादा ढग आडवा गेला की धार लगेच खाली बसते, ढग सरला की परत उसळते. ठिबकला हे सोसत नाही. दाब कमी असताना शेवटच्या झाडांना थेंबही पोचत नाही आणि पहिल्या रांगेत मात्र चिखल होतो. म्हणून सकाळचं बारीक पाणी हौदात सोडतो आणि बागेचे व्हॉल्व्ह अकरा ते अडीच या वेळातच फिरवतो. ही सवय लागल्यावर मोसंबीची तक्रार राहिली नाही.

गव्हाची मात्र राहिली. काळ्या रानात पहिल्या पाण्याला धार दमदार लागते, नाहीतर पाणी साऱ्याच्या शेवटापर्यंत जातच नाही, निम्म्यातच जिरतं. डिसेंबरात दिवस लहान, त्यात सकाळी धुकं. एकर भिजायला भावाला लाईटवर लागतो त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ मला लागला. उन्हाळ्यात उलटं: ऊन धो-धो, पण विहीर दुपारपर्यंत तळाला जाते आणि कंट्रोलर पाणी नाही म्हणून मोटर बंद करतो. मोटर वाचते हे खरं.

सगळ्यात वाईट काळ ऑगस्टचा. पावसाचा खंड पडलेला, कपाशी माना टाकतेय, आभाळ भरून आलेलं आणि पडत काही नाही. पाऊसही नाही, ऊनही नाही. तेव्हा भावाकडून एक दिवस पाणी घेतलं. त्याचा पंप रात्री का होईना, चालत होता.

देखभाल म्हणजे पॅनेल पुसणं. धुळीनं धार कमी होते हे डोळ्यांना दिसतं. पुसायचं ते सूर्य वर यायच्या आत, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. आमचं पाणी क्षाराचं, वाळलं की पांढरे डाग धरतं, म्हणून फडक्यानं लगेच कोरडं करतो.

सर्व्हिसला पाचातले दोन गुण. पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची, विमाही त्यातच. कागदावर छान. कंट्रोलर बंद पडला तेव्हा फोनवर "उद्या माणूस येतो" ऐकण्यात आठवडा गेला, तोही ऐन फळ पोसायच्या वेळी. कंपनीचं नाव लिहीत नाही, इतर कंपन्यांच्या पंपवाल्यांकडूनही साधारण हेच ऐकतो.

आणखी एक गैरसमज: सौर पंप आला म्हणून घरचं बिल कमी होत नाही. गावातलं मीटर वेगळं. स्थिर आकार, वहन आकार, १६ टक्के वीज शुल्क, सगळं तसंच. १०० युनिटच्या पुढं गेलं की दर चढतोच. पॅनेलवर दुपारनंतर वाया जाणारी वीज कडबाकुट्टीला वापरावी असं फार वाटतं, पण मला मिळालेला कंट्रोलर फक्त मोटर चालवतो.

विहीर किंवा शेततळं आहे, बाग ठिबकवर आहे, कनेक्शन नाही, अशांनी डोळे झाकून घ्यावा. सातशे-आठशे फुटी बोअरवाल्यांनी आधी हेड, म्हणजे पाणी किती उंच उचलायचं ते, नीट बघावा, ५ एचपी तिथं दमतो. ऊस आणि गहू मोकाट पाण्यावर करणाऱ्यांनी हौदाची जागा आणि पैसा धरूनच हिशेब करावा. आणि पोर्टलवर कंपनी निवडताना यादीतलं पहिलं नाव दाबू नका. ज्या कंपनीचा दुरुस्तीवाला तुमच्या तालुक्यात राहतो, तिचं दाबा.