होटन ते कॉपर हार्बर: ट्रेल उत्तम, पण सकाळी निघालात तरच

मिशिगनच्या किविनॉ द्वीपकल्पात बर्फाची ददात नाही. 1978-79 च्या हिवाळ्यात इथे 390.4 इंच बर्फ पडला होता. तरीही होटन ते कॉपर हार्बर या तीन नंबरच्या ट्रेलला, म्हणजे स्नोमोबाइल या बर्फावरच्या गाडीसाठी राखलेल्या वाटेला, गुण द्यायचे तर घड्याळ बघूनच द्यावे लागतात.

सुरुवात झकास. होटनच्या लिफ्ट ब्रिजवर हिवाळ्यात गाड्या वरून जातात, स्नोमोबाइल खालच्या मजल्यावरून. हॅनकॉक ते कॅल्युमेट जुन्या रेल्वेचा मार्ग आहे, त्यामुळे चढ सौम्य. नवख्यांनी हात इथेच बसवून घ्यावा: उजव्या अंगठ्याने थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर), डाव्या हाताने ब्रेक, टेदरची (पडलात तर इंजिन बंद करणारी) दोरी जॅकेटला. पुढे जंगलातली वळणं आंधळी आहेत, तिथे उजवी कड सोडू नये.

ट्रेल सपाट करणारा ग्रूमर म्हणजे ट्रॅक्टर आणि त्यामागे ओढलेला लांबलचक ड्रॅग. त्याची पाती उंचवटे कापून बर्फ घुसळतात, मागचा पत्रा तो दाबतो. मग थंडीत काही तास बर्फ घट्ट बसायला हवा. म्हणून रात्री ग्रूम झालेली ट्रेल सकाळी टणक मिळते, आणि ग्रूमरच्या पाठोपाठ गाडी घालणारा सगळ्यांचं नुकसान करतो. शनिवारी दुपारी जाल तर वळणाआधीचे ब्रेक आणि वळणानंतरचा थ्रॉटल यांनी खणलेले मोगल, म्हणजे बर्फातले उंचवटे, कंबर मोडतात. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जावं; होटनच्या मिशिगन टेक विद्यापीठात शिकणाऱ्या मराठी पोरांना ते सहज जमेल.

स्नोमोबाइल भाड्याने घेताना 137 इंची ट्रॅक (गाडीखाली फिरणारा रबरी पट्टा) मागा. 154 इंची ताज्या खोल बर्फासाठी, इथे तो उगाच बोजड. आइस स्क्रॅचर आहेत का, तेही बघा. ट्रेल काचेसारखी गोठली की सैल बर्फ उडत नाही. एरवी तोच बर्फ थंडावा देतो; तो नसला की इंजिनचं कूलंट तापतं आणि ट्रॅकखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या झिजतात. स्क्रॅचर खाली सोडले की ते बर्फ खरवडून आत फेकतात. गाडी रात्रभर उघड्यावर असेल तर ट्रॅक जमिनीला चिकटतो. मागची बाजू उचलून आधी तो सुटा करा; नुसता थ्रॉटल दाबलात तर इंजिनची ताकद ट्रॅककडे नेणारा बेल्ट जळेल. जादा बेल्ट सोबत हवाच. मिशिगनचा ट्रेल परमिट भाड्यात धरलाय का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या. टाकी कॅल्युमेटला भरा, पुढे वस्ती विरळ होत जाते.