हेवी डिपॉझिटवर घर घेताय? आधी लाइट बिलावरचं नाव वाचा

हेवी डिपॉझिटच्या नावाखाली माझे साडेचार लाख रुपये गेले. ५०,००० टोकन म्हणून यूपीआयने, २,५०,००० आरटीजीएसने आणि १,५०,००० रोख. वर एजंटची दलाली १५,०००. यातले दोन लाख बाबांची एफडी मोडून आले, १,२०,००० आईचे दागिने गहाण टाकून, उरलेले १,३०,००० माझ्या तीन वर्षांच्या नोकरीतले.

"शिकलेली असून कशी फसलीस गं?" असं सगळे विचारतात. विचारणाऱ्यांनी एकदा डोंबिवलीत एकट्या मुलीसाठी घर शोधून बघावं. पगार हातात २४,०००, वन आरकेचं भाडं १२,०००, आणि निम्मे मालक फोनवरच "बॅचलर नको" म्हणतात. अशात कोणी म्हणालं की साडेचार लाख ठेवा, भाडं शून्य, अकरा महिन्यांनी पूर्ण रक्कम परत, तर भाड्याचे १,३२,००० वाचतात. माझ्या ऑफिसातले दोघं असेच राहतात, त्यांचं काही बिघडलं नाही. मी हाव केली नाही, हिशेब केला.

घर बघायला गेले तेव्हा दाराच्या आत लाइट बिल पडलं होतं. मी ते उचललं, वाचलं. नाव वेगळंच. मी विचारलंसुद्धा! "ते आधीच्या मालकाचं, ताई. नाव बदलायला अर्ज टाकलाय," असं 'मालक' सहज बोलून गेला आणि मी ते बिल ओट्यावर ठेवलं. हातात आलेला पुरावा मी स्वतः खाली ठेवला. उतरताना सेक्रेटरींच्या दारावरची पाटी दिसली. बेल दाबली असती तर दोन मिनिटांत सगळं कळलं असतं. पण त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, "सेक्रेटरी कटकट्या आहे, एनओसीचं मी बघतो. कोणी विचारलं तर माझी भाची म्हणून सांगा." हातचं घर जाईल या भीतीनं मी त्या दारासमोरून गुपचूप निघून आले. जो माणूस तुम्हाला सोसायटीत खोटं बोलायला सांगतो, त्याला एक रुपया देऊ नका.

सातव्या महिन्यात खरे मालक दारात उभे. त्यांच्या हातात रजिस्टर केलेला करार होता, त्याच माणसाशी केलेला: डिपॉझिट ४०,०००, भाडं महिना ११,०००. म्हणजे तो स्वतःच भाडेकरू. पाच महिने त्यांना भाडं भरलं, मग फोन बंद. एजंटचाही बंद. माझ्याकडे काय, तर ५०० च्या स्टॅम्पपेपरवरचं नोटरी. "रजिस्टर केलं की टॅक्स लागतो" असं तो खोटा मालक म्हणाला होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी फी शहरात १,००० रुपये. तेवढ्यासाठी साडेचार लाख गेले. इंडेक्स टू, म्हणजे घराच्या नोंदणीचा सरकारी उतारा, मागा, त्यावरचं नाव आधार कार्डाशी जुळवा. पैसे फक्त त्याच नावाच्या खात्यात टाका. माझं आरटीजीएस कुठल्याशा 'एंटरप्रायझेस'च्या खात्यावर गेलं होतं, तेही मी पाहिलं होतं.

आणि पोलीस स्टेशन! पहिल्या दिवशी "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." दुसऱ्या खेपेला "पैसे ज्या बँकेतून गेले त्या हद्दीत जा." तिकडे गेले तर "घर कुठंय? मग तिकडेच." हद्दीबाहेरचा गुन्हाही झिरो एफआयआर म्हणून नोंदवता येतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना तरी माहीत असायला हवं होतं ना? तिसऱ्या खेपेला एका साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "एवढे पैसे देताना आम्हाला विचारलं होतं का?" बाबा शेजारी उभे होते. गावाहून रात्रभर प्रवास करून आलेले. त्यांनी मान खाली घातली, ते मी विसरणार नाही. अर्ज घेतला, पण पोचही दिली नाही. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

अकरा आठवडे गेले. शेवटी एका वकिलांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठांना पोस्टानं लेखी तक्रार पाठवायला लावली, तेव्हा कुठे गुन्हा नोंद झाला, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), फसवणूक. तोवर ते खातं रिकामं झालं होतं. रोख दिलेल्या दीड लाखाची पावती नाही, त्यामुळे जबाबात तो आकडा लिहून घ्यायलाच तयार नव्हते. भांडून लिहायला लावला. रोख देऊच नका, कितीही गयावया करू देत.

खऱ्या मालकांनी मला महिनाभर राहू दिलं, त्यांचंही भाडं बुडलं होतं तरी. आता मी चौघींच्या खोलीत राहते. आईचे दागिने अजून बँकेत आहेत, दर महिन्याला व्याज मी भरते.