प्रदर्शनातलं टेबल की घरची गच्ची? नागपुरात सक्युलंट विकू पाहणाऱ्या हौशींसाठी

गच्चीत पाय ठेवायला जागा उरली नाही, की सक्युलंट, म्हणजे जाड पानांत किंवा खोडात पाणी साठवणारी झाडं, लावणाऱ्या प्रत्येकाच्या मनात येतं, आता थोडी रोपं विकावीत. मग नागपुरात दोन वाटा दिसतात. एक, थंडीत भरणाऱ्या एखाद्या पुष्पप्रदर्शनात टेबल घ्यायचं. दुसरी, घरूनच विकायचं: सोसायटीच्या आणि बागप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकायचे, ज्याला आवडेल त्याने येऊन घेऊन जायचं. मानेवाड्यातल्या आमच्या गच्चीवरून मी दोन्ही केलं आहे. काय बरं, असं कोणी विचारलं की मी आधी म्हणते, तुमच्याकडची रोपं दाखवा, मग सांगते. कुठे विकायचं हे पैशांपेक्षा रोपाच्या जातीवर आणि वयावर जास्त ठरतं, आणि त्याचं कारण आपला उन्हाळा आहे.

प्रदर्शनं भरतात साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत. सक्युलंटच्या रूपाचेही हेच दिवस. रात्री पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, दिवसा लख्ख ऊन असतं. एचेव्हेरियाच्या कडा गुलाबी होतात, जेडच्या पानांना लाल किनार येते, ग्राप्टोपेटलमवर जांभळट झाक चढते. अशी रोपं टेबलावर मांडली की जाणारा माणूस थबकतो आणि घेतोच. पण तीनच महिन्यांत एप्रिल येतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर जाणं आपल्याला नवीन नाही. मे 2013 मध्ये तो 47.9 अंशांवर गेला होता. त्यातही या झाडांना दिवसापेक्षा रात्र जास्त मारते. बहुतेक सक्युलंट पानांवरची छिद्रं दिवसा मिटून ठेवतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडून हवा घेतात. मेक्सिकोच्या उंच डोंगराळ भागातून आलेल्या एचेव्हेरियाला गार रात्रींचीच सवय आहे. आपल्या मे महिन्यात रात्रीही पारा 30 च्या आसपास रेंगाळतो, तेव्हा हे काम नीट होत नाही, झाडाची वाढ थांबते, मुळं पाणी ओढत नाहीत. घेणाऱ्याला मात्र ते सुकल्यासारखं दिसतं आणि तो रोज पाणी घालतो. त्यात अनेक घरांत रोप ठेवलेलं असतं कूलरच्या खिडकीशी, अंधार आणि दमट हवा दोन्ही एकाच जागी. आठवड्याभरात देठ काळा पडतो.

म्हणून माझा एक नियम आहे, तो दोन्ही वाटांना लागू आहे. नागपूरचा एक मे महिना आपल्या गच्चीवर काढलेलंच रोप विकायचं. मोठ्या नर्सऱ्यांच्या स्टॉलवर कालिम्पाँगसारख्या डोंगराळ भागातून आलेला माल असतो. तो आपल्यापेक्षा मोठा, देखणा आणि पुष्कळदा स्वस्तही असतो. त्यांच्याशी भावात बरोबरी करायला जाऊ नका. त्यांच्याकडे नाही अशी एकच गोष्ट आपल्याकडे आहे: सावलीसाठी बांधलेल्या हिरव्या जाळीखाली आपला उन्हाळा पाहिलेलं रोप. मी पाटीवरच लिहिते, ‘या रोपाने मागचा मे नागपुरात काढला आहे.’ लोक ते वाचतात आणि तिथूनच बोलणं सुरू होतं.

प्रदर्शनातलं टेबल

आधी हिशेब. समजा टेबलाचं भाडं दोन दिवसांचं 3000 रुपये, ऑटोचं जाणं-येणं 800, पिशव्या, पाट्या आणि चहा-नाश्ता 700. झाले 4500. रोप सरासरी 80 रुपयांना गेलं आणि त्यातले 30 कुंडी, तिच्यात भरायचं मिश्रण आणि मधल्यामध्ये मेलेल्या रोपांच्या खात्यात गेले, तर हातात राहतात 50. म्हणजे 90 रोपं विकली जातात तेव्हा कुठे खर्च निघतो. एकट्या हौशी माणसाकडे विकण्याजोगी, एका मापाची 90 रोपं पहिल्या वर्षी नसतात. तिघींनी मिळून टेबल घेतलं तर हाच आकडा प्रत्येकीला 30 वर येतो, आणि जेवायला उठताही येतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी टेबल वाटूनच घ्यावं, एकट्याने मुळीच नको. बाकी, जिवंत रोपांवर जीएसटी नाही, ती काळजी सोडा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, तेव्हा कागदी पिशव्या आधीच आणून ठेवा.

आता टेबलावर काय न्यायचं. प्रदर्शनातली गर्दी डोळ्यांपेक्षा बोटांनी बघते. एचेव्हेरियाच्या पानांवर पिठासारखा पांढरा थर असतो, तोच उन्हापासून तिला वाचवतो. त्यावर बोट टेकलं की ठसा उमटतो, आणि त्या पानावर थर पुन्हा येत नाही. एका शनिवारी मी निळसर रंगाची आठ रोपं मांडली होती. संध्याकाळी प्रत्येक रोपाच्या मधोमध हिरवे ठसे, एकावर तर लहान मुलाच्या पाचही बोटांचे. कोणाचाच दोष नव्हता. इतकी मऊ दिसणारी वस्तू कोणीही हात लावून पाहील. पण ती आठही रोपं घरी परत आली. तेव्हापासून टेबलावर हॉवर्थिया, गॅस्टेरिया, सॅन्सेव्हेरिया, जेड आणि अडेनियम. हात लागला तरी बिघडत नाहीत. त्यातलं अडेनियम तर आपल्या उन्हाळ्यात खुलतं. एचेव्हेरिया एकच न्यायची, मागच्या बाजूला, दाखवण्यासाठी.

निघण्याआधी चार-पाच दिवस पाणी बंद करा. पाण्याने टच्च भरलेली पानं धक्क्याने पटकन तुटतात, किंचित सैल पडलेली टिकतात. शिवाय कुंड्या हलक्या होतात. भाजीचे प्लास्टिकचे क्रेट घ्या, कुंड्यांच्या मधे वर्तमानपत्राचे बोळे घाला. तीन आठवडे आधी प्रत्येक रोप कुंडीतून काढून मुळं बघा. पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण आहे. ते रोप बाजूला, त्याच्या शेजारची दोनही बाजूला. किडकं रोप विकलं तर ते घेणाऱ्याची अख्खी बाल्कनी संपवतं.

जागेचंही आधी विचारून घ्या. एका वर्षी आयोजकांनी आम्हाला मांडवाच्या टोकाचं टेबल दिलं, दुपारी दोननंतर पश्चिमेचं ऊन सरळ वर. जाळीखाली वाढलेल्या हॉवर्थिया दोन तासांत भाजल्या, पानांवर पांढरे-तपकिरी डाग पडले. सांगितलं तर म्हणाले, आता बदलता येणार नाही. पैसे भरण्याआधी टेबल कुठे आहे, सावली किती वाजेपर्यंत आहे, हे विचारायचं आणि तरीही हिरव्या जाळीचा एक तुकडा आणि चार क्लिपा सोबत ठेवायच्या.

या सगळ्या खटाटोपात मिळतं काय? दोन दिवसांत इतक्या अनोळखी लोकांशी बोलणं होतं, जे घरून वर्षभरात होत नाही. एक काकू आल्या होत्या, हातात सर्वांत गुलाबी रोप. “ताई, हे टीव्हीजवळ ठेवलं तं चालते ना जी?” मी विचारलं, खिडकी कुठल्या बाजूला आहे? पूर्वेला, स्वयंपाकघरात. मग त्यांच्या हातातलं रोप परत घेऊन हॉवर्थिया दिली, पूर्वेच्या खिडकीत ठेवा आणि माती पूर्ण कोरडी झाल्यावरच पाणी द्या म्हटलं. पुढच्या वर्षी त्या तिची पिल्लं वेगळी कशी करायची हे विचारायला आल्या. पण प्रत्येकाशी असं बोलायला गर्दी वेळ देत नाही, हेही खरं. रविवारी संध्याकाळी पाच ते आठ फक्त पैसे आणि पिशव्या. त्या तीन तासांत कोणतं रोप कोणाच्या घरी गेलं याचा मला पत्ता नसतो, आणि प्रदर्शनाबद्दल मला सर्वांत जास्त हीच गोष्ट खटकते.

घरून विकणं

इथे भाडं नाही, वाहतूक नाही, दोन दिवस उभं राहणं नाही. दोन रोपं असली तरी विकता येतात. येणारा माणूस गच्ची बघतो, आईझाड बघतो, त्याच्यासमोर कुंडी उपडी करून मुळं दाखवता येतात. बोटाचे ठसे पडणारी नाजूक एचेव्हेरिया विकायची असेल तर ती इथूनच जावी, आणि ज्याने आधी दोन साधी रोपं जगवली आहेत त्याच्याकडे. घरून विकताना ‘आत्ता नका नेऊ’ असं म्हणता येतं. मार्चमध्ये आलेल्याला मी सरळ सांगते, पावसाळा संपल्यावर या, तोवर तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवते. प्रदर्शनात हे शक्यच नाही.

मिश्रणाबद्दलही घरी नीट बोलता येतं. बहुतेकांकडे बागेतली आपली काळी माती असते. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगा पडेपर्यंत आवळते. सक्युलंटची मुळं त्यात गुदमरतात. मी कन्हान नदीची जाड वाळू चाळून, धुऊन घेते, त्यात विटांचा चुरा आणि थोडं जुनं शेणखत. घेणाऱ्याला पिशवीभर मिश्रण तसंच देते, म्हणजे घरी जाऊन तो काळ्या मातीत लावत नाही.

पण घरच्या विक्रीचा त्रास वेगळा आहे आणि तो रोज थोडा थोडा होतो. फोटो काढा, मापासाठी शेजारी पट्टी ठेवा, ‘लास्ट किती’ला उत्तर द्या. ‘उद्या येतो’ म्हणणाऱ्यासाठी रोप राखून ठेवायचं आणि तो येत नाही. जेवायच्या वेळी बेल वाजते. अनोळखी लोकांना घराचा पत्ता देणं मला आवडत नाही, म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याला मी मेट्रो स्टेशनच्या दाराशी बोलावते, सीताबर्डीला दोन्ही मार्ग मिळतात तिथे कोणालाही येणं सोपं पडतं. ओळख झाली की मग गच्ची.

कुरिअरने पाठवायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच, मुळं मोकळी करून, दोन दिवस सुकवून, कागदात गुंडाळून. मी एकदा हौसेने एप्रिलमध्ये पाठवलं. पार्सल चार दिवस कुठेतरी अडकलं आणि पोचलं ते उकडलेल्या भाजीसारखं. पैसे परत केले, पण तीन वर्षं वाढवलेलं गॅस्टेरिया गेलं ते गेलंच.

नर्सरीला घाऊक देणं मला पटलं नाही. भाव निम्म्याहून कमी मिळतो, आणि रोज पाइपने पाणी मिळणाऱ्या रांगेत आपली रोपं जाऊन बसतात. जागाच उरली नसेल आणि सॅन्सेव्हेरियाचे ढीग असतील तर द्या.

तुम्ही कुठे बसता

उन्हाळा काढलेली रोपं पन्नासच्या खाली असतील, किंवा त्यातली निम्मी एचेव्हेरिया असतील, तर या वर्षी घरूनच विका. शंभराच्या आसपास दणकट, एका मापाची रोपं आहेत आणि टेबल वाटून घ्यायला कोणी आहे, तर प्रदर्शनात जरूर जा. ज्यांनी दोन-तीन प्रश्न विचारून रोप घेतलं त्यांना घरचा नंबर द्या, पुढे तेच गच्चीवर येतात. नोकरी करून हे करत असाल तर मला प्रदर्शनच बरं वाटतं. दोन दिवस जातात, पण वर्षभर फोन वाजत नाही. आणि ज्यांना गर्दीत बोलायला अवघडल्यासारखं होतं त्यांनी टेबलाच्या मागे लागू नये. हल्ली अनेक प्रदर्शनांत निवडुंग आणि सक्युलंटचा स्पर्धा विभाग असतो, त्यात एक चांगलं वाढवलेलं झाड ठेवलं तरी बघणारे नंबर मागतातच.

पुढच्या नाही, तर त्याच्या पुढच्या थंडीत टेबल घ्यायचं मनात असेल तर पानं या दिवाळीनंतर लावा. जेड किंवा ग्राप्टोपेटलमचं पान देठापासून पूर्ण निघालं पाहिजे, अर्धवट तुटलेलं नुसतंच सुकतं. चार दिवस सावलीत वाळवा, मग वाळूवर नुसतं ठेवा, पुरू नका. महिनाभरात मुळं दिसतील. मेपर्यंत रोप बोटाच्या पेराएवढं होईल. त्या दिवसांत जाळीखाली, संध्याकाळी उशिरा, अगदी मोजकं पाणी. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस आला की आडोशाला घ्या. सप्टेंबरात मोजून पाहा किती राहिली. तोच तुमच्या टेबलाचा माल.