डोक्याला बसणारा धक्का मोजायचाय: माऊथगार्ड, पॅच, हेडबँड की हेल्मेट?

सेन्सर घेताना बहुतेकांची नजर आधी 'किती जीपर्यंत मोजतो' या आकड्यावर जाते (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या किती पट). माझं म्हणणं, आधी तो कवटीला किती घट्ट बसतो ते बघा. कवटीवर कातडी सरकते, कातडीवर टोपी, केसांवर हेल्मेट. असं काही मध्ये आलं की डोक्याच्या हालचालीत त्याचीही हालचाल मिसळते.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी फुटबॉल हेड करताना हे सरकणं हाय-स्पीड कॅमेऱ्याने मोजलं. माऊथगार्ड, म्हणजे दातांवर बसवायचं संरक्षक कवच, १ मिलिमीटरपेक्षाही कमी हलला, कानामागे कातडीवर चिकटवलेला पॅच ४ मिलिमीटरपर्यंत आणि डोक्यावरची टोपी तब्बल १३ मिलिमीटरपर्यंत. तेही बेतानेच मारलेल्या हेडरला.

त्यामुळे टक्करीच्या खेळांसाठी माझं मत सरळ माऊथगार्डच्या बाजूने आहे. वरचे दात वरच्या जबड्यात रुतलेले असतात आणि तो जबडा कवटीचाच भाग आहे. पण माऊथगार्ड दातांच्या साच्यावरून बनवलेला हवा. सैल बसला तर वरचा सगळा फायदा गेला. शिवाय खेळाडू तो चावतात, काढून हातात धरतात, मोज्यात खोचतात, आणि प्रत्येक वेळी 'धक्का' नोंदला जातो. दातांवर आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर आत असेल तर यातल्या बऱ्याच खोट्या नोंदी गळतात. उरलेल्यांसाठी सामन्याचं चित्रीकरण लागतंच, आणि कॅमेऱ्याचं व सेन्सरचं घड्याळ आधी जुळवून घ्यावं लागतं.

जागतिक रग्बी संघटनेने जानेवारी २०२४ पासून वरच्या स्तरावर असे माऊथगार्ड डोक्याच्या दुखापतीच्या तपासणीला जोडले. सुरुवातीची मर्यादा पुरुषांसाठी ७५ जी, महिलांसाठी ६५ जी, जोडीला ४,५०० रेडियन प्रति सेकंद वर्ग इतकं कोनीय त्वरण, म्हणजे डोकं फिरण्याचा वेग किती झपाट्याने बदलतो ते. ती ओलांडली की खेळाडूला तपासणीसाठी बाहेर घेतात. मात्र मर्यादेच्या आत राहिलेला धक्का निर्धोक असतो असं नाही. चक्कर येतेय, डोकं दुखतंय, काही आठवत नाहीये, अशा खेळाडूला सेन्सर काहीही म्हणो, बाहेर काढलंच पाहिजे.

रोजच्या हालचालींचं गणित वेगळं. १९९४च्या एका अभ्यासात शिंकताना डोक्याला सुमारे २.९ जी, तर खुर्चीत धपकन बसताना १०.१ जी त्वरण मिळालं. खेळाचे बरेच सेन्सर साधारण १० जी ओलांडल्यावरच नोंद करतात. म्हणजे चालणं, जिना उतरणं, बस थांबताना बसणारा हिसका यांतलं जवळपास काहीच त्यांना दिसणार नाही. इथे सतत नोंद घेणारा, १६ जीपर्यंत मोजणारा सेन्सर पुरतो. हळू हालचालीत कातडी फारशी सरकत नाही, त्यामुळे घट्ट हेडबँड किंवा कानामागचा पॅच चालतो. दिवसभर बोलणाऱ्या-जेवणाऱ्या माणसाच्या तोंडात माऊथगार्ड ठेवणं तसंही शक्य नाही.

उलट हाच सेन्सर मैदानावर नेऊ नका. धक्का अनेकदा १० मिलिसेकंदांच्या आसपास आटोपतो. सेकंदाला १०० नोंदी घेणाऱ्या यंत्राला त्यातली एखादीच नोंद मिळेल आणि शिखर, म्हणजे धक्क्याचा सर्वांत मोठा आकडा, हुकेल. टक्करीसाठी सेकंदाला किमान १,००० नोंदी आणि २०० जीच्या आसपासची क्षमता हवी.

हेल्मेटवर बाहेरून चिकटवायचा सेन्सर मी टाळेन, कारण तो हेल्मेट मोजतो, डोकं नाही.

कुठलाही घ्या, त्यात जायरोस्कोप, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा भाग, आहे ना हे विचारा. डोकं गरकन फिरतं तेव्हा मेंदूत ताण येतो, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ होलबर्नने १९४३ सालीच मांडलं होतं. आणि विक्रेता फक्त शिखराचा आकडा देणार असेल तर नको म्हणा. धक्क्याचा पूर्ण आलेख मिळाला तरच सेन्सर खडखडला की खरोखर डोकं हललं, हे तपासता येतं.

दात बदलणाऱ्या मुलांचा प्रश्न मात्र अवघड आहे. साचा काही महिन्यांतच सैल पडतो. परत परत नवा करणं जमणार नसेल, तर पॅच लावून त्याच्याकडून फक्त धक्क्यांची संख्या घ्यावी, तीही चित्रीकरणाशी पडताळून. किती जी, हे त्याला विचारू नये.