टी-शर्टसाठी प्रिंटर घेताय? कागद कुठून आत जातो ते आधी पाहा

इस्त्रीने टी-शर्टवर चित्र उतरवायला घरी इंकजेट (शाई फवारून छापणारा प्रिंटर) घ्यायचा म्हटलं की जो तो शाईवर बोलतो. पिगमेंट की डाय? मुद्दा खोटा नाही. डाय पाण्यात विरघळणारी, पहिल्याच धुण्यात लाल रंगाच्या कडा फुटायची धास्ती. पिगमेंट म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक कणांची शाई, ती पाण्याला आणि उन्हाला जास्त दाद देत नाही. त्या हिशेबाने चारही रंग पिगमेंट असलेला ऑफिसी प्रिंटर जिंकायला हवा. तसा एक माझ्याकडे होता.

त्याचा ट्रे पुढे, खाली. कागद पालथा ठेवायचा. तो रोलरभोवती पूर्ण वळसा घेऊन मग हेडखाली, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागाखाली येतो. साध्या ए-फोरचं काही बिघडत नाही, पण ट्रान्सफर पेपर, म्हणजे ज्यावरून चित्र इस्त्रीने कापडावर उतरतं तो कागद, जाड आणि वरून थर दिलेला. वळणावर त्याची कड उचलली जायची, हेड घासायचं आणि नेमका चित्राच्या कोपऱ्यात ओरखडा. पावसाळ्यात दमट कागद एकमेकांना चिकटून दोन-दोन आत जात. हा कागद काही रद्दीत टाकण्याइतका स्वस्त नसतो. शाई उत्तम असूनही मी तो काढून टाकला तो एवढ्यासाठीच.

मागून कागद घेणाऱ्या टँकवाल्या (शाई टाकीत ओतायच्या) प्रिंटरांत एप्सन एल३२५० आणि कॅनन जी३०१० हे दोन बघण्यासारखे. दोन्हींत कागद जवळपास सरळ खाली उतरतो, छापायची बाजू आपल्याकडे. एप्सनच्या चारही शाया डाय. कॅननची काळी पिगमेंट, बाकी तीन डाय. मंडळाचं नाव, पाठीवर नंबर अशी अक्षरांची कामं जास्त, म्हणून माझा कल कॅननकडे. फक्त सेटिंगमध्ये फोटो पेपर निवडू नका. तेव्हा तो काळा रंग बाकीच्या तिघांतून बनवतो. मी साधा कागदच निवडतो. चेहऱ्यांचे फोटो छापणाऱ्याला कदाचित एप्सन आवडेल, माझा आग्रह नाही.

आणि डाय रंग धुण्यात टिकतात का? पांढऱ्या टी-शर्टवर बऱ्यापैकी. चित्र आरशातल्यासारखं उलटं छापून इस्त्री केली की कागदावरचा थर शाईच्या वर येतो आणि तिला झाकतो. टी-शर्ट उलटा करून गार पाण्यात धुवा, भिजत ठेवू नका. गडद कपड्यासाठीच्या ट्रान्सफर कागदात मात्र चित्र सुलटं छापतात, शाई उघडीच राहते. तीच कामं जास्त असतील तर पिगमेंटला पर्याय नाही. एप्सन एल१५१५० मध्ये चारही पिगमेंट आहेत आणि मागूनही कागद घालता येतो, पण तो ए-थ्रीचा. घेण्याआधी टेबल मोजा.